काचेतून घेतलेली भेट

या, बसा. चहा सांगितलाय. तो येईपर्यंत आणि आल्यावरही एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती पुरती ऐकल्याशिवाय तुम्हाला उठू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोष्टीत मारामारी नाही, कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही. एका माणसाला एका सकाळी एक साधा प्रश्न विचारला गेला आणि त्याचा जीव टांगणीला लागला, एवढंच.

माणूस म्हणजे आमचा शिड्या. उंचीनं ताड, अंगानं काडी. कापड गिरणीच्या मागखात्यात त्याला ते नाव पडलं आणि पुढे सख्ख्या बहिणीनंसुद्धा तेच उचललं. गिरणी बंद झाली तशी सगळीच माणसं घरी बसली. मग सरकारनं अनुदान काढलं, की कामावरून कमी केलेल्यानं नवीन काही शिकावं आणि शिकेपर्यंत त्याची चूल पेटती राहावी. सुरुवातीला त्याचा सगळा आंधळा कारभार. ज्याला अर्ज नीट भरता आला त्याला मिळालं, ज्याला नाही आला तो राहिला. आणि पैसे घेतल्यावर माणूस शिकला का, कामाला लागला का, की भिंतीकडे बघत बसला, हे बघायला कुणी फिरकलं नाही. मग त्या ऑफिसात एक नवीन बाई आल्या. वयानं लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी सगळी पद्धत उसवली आणि परत शिवली. अनुदान हप्त्यानं द्यायचं, आणि दर हप्त्याआधी कुणीतरी त्या माणसाला जाऊन भेटायचं. फोनवर नाही, समोर बसून. भेटणाराही ऑफिसातला नको, त्यांच्यातलाच पाहिजे, कारण ऑफिसच्या माणसाला कुणी खरं सांगत नाही. म्हणून शिड्याला घेतलं. तात्पुरतं, पण घेतलं. गळ्यात ओळखपत्र, हातात ऑफिसचा फोन. फोनमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे तीन खुणा: शिकतोय, शोधतोय, कामाला लागला. बोट ठेवलं की झालं. ती शेवटची खूण हिरवी.

तर त्या सकाळी बाई खुशीत होत्या. टेबलाच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या मित्राची पहिली हिरवी खूण. नव्या पद्धतीतला पहिला माणूस कामाला लागला. परवा वरचे साहेब येणार आहेत बघायला. त्यांना घेऊन याल? दोन शब्द बोलतील." शिड्यानं मान हलवली. बाईंनी फोनकडे बघितलं, परत वर बघितलं आणि विचारलं, "कुठे लागले ते?"

शिड्याला एकदम अधांतरी वाटलं. जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं. कुठे. त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "त्या तिकडे, चौकाच्या पुढं." बाई म्हणाल्या, "जागेचं नाव विचारून या, एवढा एकच रकाना रिकामा आहे." आणि तो बाहेर पडला तेव्हा फोन हातात बुळबुळीत मासळीसारखा वाटत होता.

मित्र म्हणजे मुक्या. दिवसभर तोंड बंद नसायचं म्हणून खात्यानं त्याला मुक्या नाव ठेवलं. शिड्याचा माग आणि मुक्याचा माग समोरासमोर, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. मागखात्यात आवाज म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तो कानानं ऐकायचा आवाज नसतोच. तो तळपायातून वर चढतो, दातात बसतो, छातीच्या पिंजऱ्यात स्वतःचं बिऱ्हाड करतो. सूत घेऊन पळणारा धोटा मागाच्या या टोकाहून त्या टोकाला आपटतो, असे शेकडो धोटे, आणि त्यात मुक्या बोलत असायचा. आवाज कुणालाच येत नव्हता, पण त्याचे ओठ वाचता यायचे. हात तर त्याहून झकास. बायको रुसली, घरमालक आला होता, जॉबरची पँट मागून फाटली आहे, सगळं हातावर. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करून देणारा. त्याची फाटकी पँट मुक्यानं अशी काही हातानं काढून दाखवली होती की शिड्यानं हसताना सूत तोडलं होतं. घरी गेल्यावरही शिड्या बायकोला हातानंच पाणी मागायचा. ती म्हणायची, "तोंड गिरणीत ठेवून आलात का?"

चालता चालता त्याला ती भेट आठवत होती. भेट कसली. मागच्या आठवड्यात तो चौकापलीकडच्या रस्त्यानं जात होता. तिथं एक धुलाईचं दुकान आहे. लोक आपापले कपडे घेऊन येतात, नाणं टाकून मशीन लावतात, बाकावर बसून राहतात. रस्त्याच्या बाजूला अख्खी काच. काचेच्या आत मुक्या उभा होता. एक हात मशीनवर पालथा, मान जरा तिरकी, अगदी मागाशी उभा राहायचा तसा. शिड्या थांबला. दारापर्यंत गेला. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून ती घरघर आली, दहा मशीनं एकदम फिरत असावीत तशी, आणि शिड्या दारातून मागे सरला. काचेवर टकटक केलं. मुक्यानं बघितलं, तोंडभर हसला. शिड्यानं मूठ वळून पुढेमागे केली, भुवया उंचावल्या: माग चालू? मुक्यानं लगेच मूठ वळली, पुढेमागे केली: चालू. शिड्याला काय बरं वाटलं सांगू. दोन वर्षांनी कुणीतरी त्याला त्या खुणेनं उत्तर दिलं होतं. त्यानं तिथंच फुटपाथवर उभं राहून बोट ठेवलं आणि खूण हिरवी झाली.

आता चालताना मात्र ते बरं वाटणं चपलेत खडा जावा तसं टोचायला लागलं. कारण एक गोष्ट त्याला माहीत होती. मागखात्यातल्या सगळ्यांनाच माहीत होती. समोरच्यानं विचारलं तर कुणी कधी 'बंद' सांगत नसे. आपला माग बंद पडला की हात वर करून जॉबरला बोलवायचं, पण समोरच्यानं मूठ वळून विचारलं की आपणही मूठच वळायची. एक तर वरच्या ओट्यावर उभा असलेला साहेब सगळ्यांचे हात वाचायचा. आणि दुसरं म्हणजे, ज्याचा माग चालू आहे त्याला आपला बंद आहे असं सांगणं म्हणजे हात पसरण्यासारखं वाटायचं. म्हणून सगळे चालू. सूत तुटलंय, चालू. ताप आलाय, चालू. ज्या दिवशी दरवाजावर नोटीस लागली त्या दिवशीही आत सगळ्या मुठी पुढेमागे होत होत्या. आणि हे माहीत असून शिड्यानं त्या मुठीवर विश्वास ठेवला. ठेवला का? की ठेवल्यासारखं केलं? तो थांबला. मागून येणाऱ्या बाईची पिशवी त्याच्या पोटरीला लागली, ती काहीतरी बोलली. तो तिच्याकडे वळून हसला आणि म्हणाला, "हो, हो." ती त्याच्याकडे अशी बघत गेली की तिनं नक्की शिवी दिली असणार.

धुलाईच्या दुकानात मुक्या नव्हता. कपड्यांच्या घड्या घालणारी एक बाई होती, केस डोक्यावर घट्ट बांधलेले, हात कोपरापर्यंत ओले. शिड्यानं मुक्याचं वर्णन सांगितलं. ती पाठमोरी होऊन चादरी ओढत काहीतरी सांगू लागली. मशीनं फिरत होती. शिड्याला तिच्या खांद्यांच्या हालचाली दिसत होत्या, ती मध्येच मानेनं एका बाकाकडे दाखवत होती, आणि शब्द मात्र घरघरीत विरघळून जात होते, साखर जाते तसे. तो म्हणत होता, "बरोबर, बरोबर." ती थांबली. वळली. तिच्या ओठांवरून त्याला कळलं, "मी विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? आणि तुम्ही म्हणताय बरोबर." "जरा बाहेर येता?" तो म्हणाला. "आत मला गुदमरतं."

फुटपाथवर ती समोर उभी राहिली. "ते इथं कामाला नाहीत हो. इथं काम करणारी मी एकटीच, आणि माझंच काम कधी जाईल सांगता येत नाही. ते जरा उशिरानं येतात, दुपार उतरेपर्यंत बसतात. एक टॉवेल आणतात. रोज तोच टॉवेल धुतात. पार जाळी झालीय त्याची. मी म्हटलं, काका, घरी नळ नाही का? तर म्हणाले, घरी फार शांत असतं."

"आणि तुम्ही बसू देता?"

"नाणं टाकतात ना. आणि गप्पा बऱ्या मारतात. अर्ध्या गप्पा हातानंच, पण बऱ्या."

आता इथं शिड्याच्या मनात जे उघडलं ते सांगतो. मुक्या कामाला लागला नाही, हे तर उघडच झालं. पण त्याच्या आड दुसरंच एक दार होतं, आणि ते शिड्या गेली दोन वर्षं खांदा लावून बंद ठेवत होता. त्या दिवशी तो आत का गेला नव्हता? वेळ होता. दार उघडं होतं. तो गेला नाही, कारण त्या घरघरीत त्याला एक अक्षर ऐकू आलं नसतं. ऐकू येत नव्हतंच. उजवा कान गिरणी चालू असतानाच गेला होता, डाव्यात थोडं उरलं होतं, शांत खोलीत, समोरचा तोंडासमोर असेल तर. गिरणीत कानाचं काम नव्हतं, म्हणून गेलेलं कळलं नाही. कळलं ते गिरणी बंद झाल्यावर, पहिल्या सकाळी, जेव्हा बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली आणि त्याला वाटलं की ती नुसतीच उभी आहे. तेव्हापासून त्यानं एक सोंग घेतलं: आपण तंद्रीत असतो. लोकांना विसराळू माणूस चालतो, बहिरा चालत नाही. बायको त्याला तंद्रीमहाराज म्हणायची, आणि तो ते नाव पुरस्कारासारखं मिरवायचा. आणि हा माणूस कशाच्या कामाला लागला होता? दारोदार जाऊन, समोर बसून, लोक काय म्हणतात ते ऐकायच्या.

मग एकेक घर त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. तो रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. ज्यांच्या घरी समोर खुर्ची होती, उजेड होता, तिथलं त्यानं ऐकलं होतं. पण जिथं माणूस आतल्या खोलीतून बोलत होता, जिथं टीव्ही चालू होता, जिथं म्हातारा जॉबर कवळी काढून ओठ आत ओढून बोलला होता, तिथं? तिथं त्यानं चेहरा बघून बोट ठेवलं होतं. चेहरा बरा, शिकतोय. चेहरा उतरलेला, शोधतोय. आणि ती घडीखात्यातली ताई. नवरा नाही, एकटी. गिरणीतून कमी झाल्यावर शिवणाचा वर्ग लावून दिला होता तिला. शिड्या गेला तेव्हा ती शेगडीकडे तोंड करून उभी होती आणि त्याच्याकडे पाठ ठेवूनच बोलत होती, बराच वेळ, न थांबता. हात दूध ढवळत होता. ती थांबल्यावर शिड्यानं अंदाजानं म्हटलं होतं, "चला, चांगलं झालं." आणि तिचा हात थांबला होता. खांदे वर गेले होते आणि तसेच राहिले होते. ती वळली नाही. शिड्यानं चहा संपवला, 'शिकतोय'वर बोट ठेवलं आणि निघून आला. काय म्हणाली होती ती? काय झालं होतं, ज्याला तो चांगलं झालं म्हणाला? त्याला पायरीवर बसवेना. उठला, चार पावलं गेला, परत वळला, परत गेला. अंगात मुंग्या शिराव्यात आणि झटकायला जागा सापडू नये तशी त्याची गत झाली.

मुक्याच्या घरी पोचला तेव्हा दुपार उतरत होती. दार मुक्याच्या बायकोनं, वहिनींनी, उघडलं. "या भाऊजी. वाकून या, मागच्या वेळी चौकट फोडली असती तुम्ही." मुक्याचं घर म्हणजे एक खोली आणि अर्धी. कॉटवर लिफ्टदुरुस्तीचं जाडजूड पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर. "आत्ता येतील, वर्ग सुटला की," वहिनी म्हणाल्या, आणि चांगल्या त्याच्या समोर बसून म्हणाल्या, म्हणून त्याला स्पष्ट ऐकू आलं. "या वयात शिकणं म्हणजे डोक्याला ताप, पण जातात बिचारे रोज. फक्त या महिन्याचं अनुदान अडकलंय कुठंतरी. तुम्ही ऑफिसातच असता, जरा बघाल का? किराणावाला आता नमस्कार घेईनासा झालाय." शिड्या म्हणाला, "बघतो." हिरवी खूण म्हणजे अनुदान बंद. ते त्याच्याच बोटानं अडकवलं होतं.

मुक्या आला. हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. शिड्याला बघून त्याचे डोळे आधी वहिनींकडे गेले, मग पिशवीकडे, मग परत शिड्याकडे. "चल, गच्चीवर वारा खाऊ," तो म्हणाला, आणि जिन्यानं पुढे झाला.

गच्चीवर पाण्याच्या टाक्यांशेजारी दोघं उभे राहिले. मुक्यानं टॉवेल काढला, झटकला आणि दोरीवर घातला. खरंच, आरपार दिसत होतं त्यातून.

"घड्यावाली सांगत होती, धुलाईत येऊन गेलास," मुक्या म्हणाला.

"वर्गाला का जात नाहीस?"

"तू हिरवी खूण का केलीस?"

"तू चालू म्हणालास."

"मी काय बंद म्हणणार होतो?" मुक्या हसला. "शेकडो माणसं होती त्या खात्यात, कधी कुणी बंद म्हटलं? तुला ठाऊक आहे आणि मला विचारतोस. मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. मला सोडवलंस."

"कशातून?"

मुक्या टाकीला टेकला. आणि जो माणूस शेकडो धोट्यांच्या आवाजात बोलत राहायचा, तो आता शब्द शोधायला लागला. हात वर गेले, मध्येच खाली आले. "तो मास्तर आहे ना, चांगला पोरगा आहे. पण तो फळ्याशी बोलतो रे. फळ्यावर लिहितो आणि फळ्यालाच सांगतो. पहिल्या बाकावर बसलो, तरी मला त्याची पाठच दिसते. सगळे हसले की मी हसायचो, जरा मागून. एकदा सगळे हसत होते ते मलाच, तेव्हाही हसलो." त्यानं शिड्याकडे बघितलं. "तेही सोसलं असतं. मग एक दिवस मास्तर वळून म्हणाला, तेवढं दिसलं मला, की लिफ्टवाल्याचं निम्मं काम कानाचं असतं. दोर कुरकुरला की ओळखायचा. आणि कुणी आत अडकलं तर आधी त्याला हाक मारायची, उत्तर ऐकायचं. शिड्या, आत कुणी अडकून ओरडत असेल आणि मी बाहेर उभा राहून पाना शोधत बसेन. मला नाही ऐकू येणार ते. सांग, असल्या माणसानं प्रमाणपत्र घ्यायचं?"

खाली कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजत असावा, कारण समोरच्या गच्चीवरची बाई कठड्याशी येऊन खाली वाकून बघत होती, आणि मान ना मुक्याची वळली होती ना शिड्याची. दोघांनी तिला बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं.

"तुझंही?" मुक्या म्हणाला.

"उजवा गेला. डावा कामापुरता."

"आणि तुला ठेवलंय विचारायला." मुक्याला हसू फुटलं, आणि ते थांबेना, पोट धरून तो टाकीवर हात आपटायला लागला. शिड्यालाही आलं. दोन म्हातारे होत चाललेले बाप्ये गच्चीवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि हसणं ओसरल्यावर खाली जो गाळ दिसला तो दोघांनाही बघवेना.

मुक्यानं मग तोड काढली. "असं कर. परवा मी येतो तुझ्याबरोबर. साहेबाला सांगतो, धुलाईत कामाला आहे. ती घड्यावाली हो म्हणेल, माझं ऐकते ती. तुझी नोकरी राहील, बाईंचं नाव होईल, माझा वर्ग सुटेल. तुझ्या वहिनीला मी सांगेन काहीतरी."

"आणि अनुदान?"

"जाईल. गेलेलंच आहे."

"घर कसं चालणार?"

मुक्यानं मूठ वळली, पुढेमागे केली. शिड्यानं ती मूठ हातात धरली. धरूनच ठेवली. मग शिड्या जिना उतरून गेला, वहिनींना न सांगता.

त्या संध्याकाळी शिड्यानं घरी काय खाल्लं ते त्याला सांगता येणार नाही. एकच विचार, जात्यात दाणा फिरावा तसा. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, आणि ती जायलाच पाहिजे, कारण न ऐकणाऱ्याला ऐकायच्या कामावर कोण ठेवेल. नाही सांगितलं तर मुक्या त्या काचेमागं टॉवेल धूत राहील आणि वहिनी किराणावाल्याला नमस्कार करत राहतील. आणि पद्धत? बाईंनी एवढी खपून बसवलेली पद्धत, तिचा पहिलाच टाका खोटा. त्याला बाईंची कीव आली, आणि लगेच स्वतःचा राग आला, कीव करणारा तू कोण. बायको त्याच्याकडे बघत होती. अखेर ती उठली, येऊन त्याच्या अगदी डाव्या बाजूला बसली आणि म्हणाली, "दोन वर्षं मी याच बाजूला बसते. तुमच्या लक्षात आलं नाही?" शिड्यानं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तंद्री म्हणे. बहिऱ्या माणसाशी संसार करतेय ते मला कळत नसेल होय? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." शिड्यानं सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मला नका सांगू. जिथं सांगायचंय तिथं सांगा."

सकाळी तो ऑफिसात गेला. बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यानं उभ्यानंच सुरुवात केली आणि सगळं सांगून टाकलं: काच, मूठ, टॉवेल, मास्तर, घडीखात्यातली ताई, कवळी काढलेला जॉबर. कान सगळ्यात शेवटी सांगितला, पण सांगितला. बाई बोलायला लागल्या. मागून खिडकीचा झगझगीत प्रकाश, आणि त्यात बाईंचा चेहरा म्हणजे नुसता काळा ठिपका. त्यांचं डोकं हलत होतं. रागावल्या असतील. जा म्हणत असतील. शिड्याच्या तोंडात सवयीचं 'हो, हो' आलं होतं, अगदी ओठावर. ते त्यानं गिळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "बाई, तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नाही. तुमचं तोंड अंधारात आहे."

बाई उठल्या, आपली खुर्ची ओढत ओढत टेबलाच्या अलीकडे आणली, खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि पहिल्यापासून परत म्हणाल्या. गोड काही बोलल्या नाहीत. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी तुमच्या शब्दावर लोकांचे पैसे बंद करते." मग म्हणाल्या, "आणि मीही एकालासुद्धा विचारलं नाही. गिरणीतली माणसं, आणि कानाचा रकाना कुठेच नाही." डोळे चोळले त्यांनी. साहेबांच्या भेटीसाठी लिहून ठेवलेला कागद घेतला, मुक्याच्या नावावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता कोणत्या घरी तुम्ही ऐकलंत आणि कोणत्या घरी नाही, ते सांगा. आठवून. खरं."

साहेब आले तेव्हा बाईंनी स्वतःच सांगितलं की अजून एकही हिरवी खूण नाही. त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते आपल्याला माहीत नाही. दार बंद होतं. मुक्याचं अनुदान परत उघडलंय, पैसे अजून हातात पडलेले नाहीत. कान तपासून आणलेत त्याचे. लिफ्ट सोडून दुसरं काय शिकता येईल ते बघतायत, आणि वहिनी त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, म्हणजे बोलल्या असतील तरी त्यानं तसंच सांगितलं. आणि शिड्याला बाईंनी काढलं नाही, पण ठेवलंही नाही. अंदाजानं भरलेल्या सगळ्या घरी पुन्हा जायचं, आणि त्यातून काय निघतं त्यावर ठरेल, असं म्हणाल्या. पहिल्यांदा तो घडीखात्यातल्या ताईकडे गेला. दारातच म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुम्ही जे बोललात त्यातला एक शब्द मला ऐकू आला नव्हता, आणि मी चांगलं झालं म्हणालो." ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं काळीजच मेलंय." खुर्ची दिली, समोर बसली आणि सगळं परत सांगितलं. काय सांगितलं ते शिड्यानं मलाही सांगितलं नाही. ऑफिसापुरतं होतं तेवढं त्यानं लिहिलं.

तर आता असं आहे. तुम्हीही त्याच गिरणीतले, मागखात्यातले नसलात म्हणून काय झालं, नाव तुमचंही आहे त्याच्या फोनमध्ये. मागच्या खेपेला तुम्ही आत दाढी करत होतात आणि तिथूनच ओरडून काहीतरी बोललात, आणि त्यानं तुमच्यापुढे 'शिकतोय' लावलं. या आठवड्यात तो परत येईल तुमच्याकडे. माझं एवढं ऐका. आतून बोलू नका. बाहेर या, त्याला बसवा, उजेडाकडे तोंड करा, आणि तुमचं खरंच काय चाललंय ते त्याला सावकाश सांगा.